भिंतीवरची गिटार आणि रोजचीं पंधरा मिनिटें

नाशिक शहरांतील इंदिरानगर ही वस्ती कांहीं फार जुनी नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि वडाळा-पाथर्डी रस्ता यांच्या आधारानें ती वाढली, आणि आज तेथें नोकरदार, शिक्षक, व्यापारी, अंबडच्या कारखान्यांतील अभियंते अशीं सुशिक्षित कुटुंबें राहतात. अशा कुटुंबांच्या दिवाणखान्यांत एके काळीं कोपऱ्यांत पेटी असे; आतां पुष्कळ घरीं भिंतीच्या खिळ्याला गिटार टांगलेली दिसते. तिची हकीकत बहुधा ठराविक असते. मार्चमध्यें दहावीची परीक्षा संपते, एप्रिलमध्यें गिटार घरांत येते, पावसाबरोबर नवें कॉलेज सुरू होतें, आणि दिवाळीच्या झाडलोटींत तिच्यावरची धूळ पुसतां पुसतां कोणी तरी म्हणतें, "एवढे पैसे पाण्यांत गेले." मुलगी त्यावर कांहीं बोलत नाहीं. आपला हात या कामाचा नव्हे, असें तिनें मनाशीं केव्हांच ठरवून टाकलेलें असतें.

पैशांपेक्षां मुलीनें स्वतःविषयीं दिलेला हा निकाल अधिक महाग पडतो, कारण तो बहुधा खोटा असतो. आणि एकदां तो मनांत बसला म्हणजे पुढें चित्रकला, पोहणें, परकी भाषा, कशालाहि हात घालतांना आडवा येतो. अमेरिकेंतील फेंडर ही गिटारी बनविणारी नामांकित कंपनी. तिचे प्रमुख असतांना अँडी मूनी यांनीं मुलाखतींतून सांगितलें होतें कीं, नव्यानें गिटार घेणाऱ्या शंभरांतील सुमारें नव्वद जण वर्षाच्या आंत ती सोडून देतात. वाद्य खपविणाऱ्याच्याच तोंडची ही कबुली आहे. शंभरांतील नव्वदांच्या हातांत दोष असावा, हें संभवनीय दिसत नाहीं. दोष असलाच तर तो रियाजाच्या रीतींत असला पाहिजे.

अशा एखाद्या घरांतील सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढें आणावी. आठवडाभर गिटारीला तिचा हात लागत नाहीं. रविवारीं सकाळीं मात्र ती दोन तास बसते. आवडतें गाणें पहिल्या ओळीपासून सुरू करते. तिसऱ्या ओळींत एक अवघड जागा येते, तेथें बोटें अडखळतात, लय तुटते. ती चरफडून पुन्हां पहिल्या ओळीकडे वळते. असें वीस वेळां होतें. आंत स्वयंपाकघरांत आजी असते. तिला गिटारींतलें कांहीं कळत नसलें तरी कान शाबूत असतात. ती विचारते, "अगं, सुरुवातीचं तर तुला कधींचं येतंय. मग तेंच तेंच काय घोळवत बसलीस?"

आजीच्या या प्रश्नांत साऱ्या विषयाचें मर्म आहे. जी जागा येत होती तिचा मुलीनें वीस वेळां अभ्यास केला, आणि जी येत नव्हती ती वीस वेळां चुकीची वाजविली. बोटांना बरोबर काय आणि चूक काय हें कळत नाहीं. जें पुनःपुन्हां घडतें तेंच त्यांच्या अंगवळणीं पडतें. म्हणजे रविवारच्या दोन तासांच्या अखेरीस गाणें पक्कें झालें नाहीं, चूक मात्र पक्की झाली.

वास्तविक ही गोष्ट मराठी घरांना नवी नसावी; आणि ज्या नाशकांत विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं आयुष्याच्या उत्तरकाळांत रामनाम आधार आश्रम चालविला, तेथें तर मुळींच नसावी. पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा, १८७२ सालचा. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं त्यांचें शिक्षण झालें, आणि १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. गुरुगृहीं वर्षानुवर्षें राहूं न शकणाऱ्या, दिवसाचा थोडाच वेळ देऊं शकणाऱ्या सामान्य गृहस्थाच्या मुलांना गाणें शिकवावयाचें, तर धडे लहान हवेत आणि क्रमवार हवेत. म्हणून त्यांनीं स्वरलिपि तयार केली, पुस्तकें छापिलीं, वर्ग चालविले. सा रे ग, रे ग म, ग म प हे पलटे कोणत्या घरीं पेटीवर ऐकूं आले नसतील? पलटा म्हणजे दुसरें काय, तर संबंध गाण्यांतून एक लहानशी हालचाल वेगळी काढून ती सोपी होईपर्यंत घोटणें. पेटीपुढें बसतांना जें घरांतील वडील मंडळींना ठाऊक असतें, तें गिटार आली कीं विसरलें जातें. कारण गिटारीबरोबर घरांत गाणीं येतात, पलटे येत नाहींत.

येथें एक खुलासा करावयास हवा. हिंदुस्थानांत गिटार दोन प्रकारें रुळली. एक प्रकार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी सरकवून वाजविण्याचा. तो हवाई बेटांकडून आला. ब्रिजभूषण काब्रा यांनीं तिच्यावर राग मांडिले, आणि १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मा यांचें संतूर व हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. दुसरा प्रकार छातीशीं धरून, डाव्या हाताच्या बोटांनीं तारा पडद्यांवर दाबून वाजविण्याचा. गोव्यांत तो पोर्तुगीजांच्या संगतींत रुजला. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना वाद्याबरोबर स्वर वाचून म्हणण्याचेंहि शिक्षण मिळे, आणि मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याचे वादक इतके कां भरले याचें तें एक कारण होय. इंदिरानगरच्या भिंतीवर असते ती या दुसऱ्या प्रकारची गिटार, आणि पुढील सारें विवेचन तिच्याविषयींच आहे.

प्रारंभीं बोटें दुखतात, आणि दुखणारच. पोलादी सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. नायलॉनच्या तारांचा त्याहून पुष्कळ कमी. बोटांच्या टोकांवर घट्टे पडावयास कांहीं आठवडे जातात, आणि तेहि रोज थोडें थोडें दाबलें तरच. रविवारीं दोन तास दाबून सहा दिवस सोडून दिलें तर घट्टे येत नाहींत, नुसती आग होते. टोकें दुखणें आणि मनगट दुखणें या दोन गोष्टी मात्र निराळ्या समजाव्या. पहिलें कांहीं दिवसांत आपोआप शमतें. मनगट किंवा आंगठ्याचें मूळ दुखूं लागलें तर तत्काळ थांबावें, कारण तेथें बसण्याची किंवा धरण्याची रीत चुकत असते.

पुष्कळसें दुखणें तर विनाकारण ओढवून घेतलेलें असतें. तार दोन पडद्यांच्या मधोमध दाबली म्हणजे जोर अधिक लागतो, आणि सूर खरखरतो. तीच पडद्याच्या अगदीं लगत, पण पडद्यावर नव्हे तर त्याच्या मागें, दाबली तर थोड्या जोरानें स्वच्छ बोलते. एक प्रयोग करून पाहावा. बोट तारेवर नुसतें टेकवून उजव्या हातानें तार छेडीत राहावें आणि दाब हळूहळू वाढवीत न्यावा. ज्या क्षणीं सूर मोकळा होतो तेवढाच दाब पुरे. नवशिके त्याहून किती तरी अधिक दाबतात. स्वस्त गिटारींत तारा पडद्यांपासून फार उंच बसविलेल्या आढळतात. ती उंची जाणत्या दुकानदाराकडून कमी करून घेतां येते, आणि हें काम पहिल्याच आठवड्यांत करून घ्यावें. हात लहान असेल तर कॅपो नांवाचा चिमटा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पडद्यावर लावावा. पडदे दांडीच्या टोकाकडे दूर दूर आणि पोटाकडे जवळ जवळ असतात. पासष्ट सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिलें घर साडेतीन सेंटिमीटरांहून थोडें मोठें, तर पांचवें घर तीन सेंटिमीटरांहूनहि लहान भरतें. त्यामुळें चिमटा लावल्यावर बोटांना ताण कमी पडतो. यांत कमीपणा मानण्याचें कांहीं कारण नाहीं.

बसल्याबरोबर पहिलें काम सूर लावण्याचें. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ८२ वेळां कंप पावते आणि सर्वांत बारीक सुमारें ३३० वेळां, म्हणजे बरोबर दोन सप्तकें वर. मोबाइलवर सूर दाखविणारीं साधनें फुकट मिळतात. तीं अवश्य वापरावीं, पण आधीं कानानें लावून मग त्यांवर पडताळावें. बेसूर गिटारीवर केलेला रियाज कानालाहि बिघडवितो, आणि मुलीला मात्र वाटत राहतें कीं आपल्या बोटांचेंच चुकतें आहे.

त्यानंतर दोन-तीन मिनिटें एकाच तारेवर सरगम. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या, तसे गिटारीवर बारा पडदे. एक पडदा म्हणजे एक पट्टी. पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार मोकळी छेडली तो षड्ज मानला, तर दुसऱ्या पडद्यावर शुद्ध ऋषभ, चवथ्यावर गंधार, पांचव्यावर मध्यम, सातव्यावर पंचम, नवव्यावर धैवत, अकराव्यावर निषाद, आणि बाराव्यावर, तारेच्या बरोबर मध्यावर, तार षड्ज. एवढें कळलें कीं घरांत ऐकलेले सारे पलटे गिटारीवर वाजूं लागतात. यांत आणखी एक लाभ आहे. इंग्रजी नांवांच्या कॉर्ड आजीला कळत नाहींत, पण मध्यम चढा लागला तर स्वयंपाकघरांतून ती तेवढ्यांत सांगते; आणि घरांत असा परीक्षक फुकट मिळणें ही लहान गोष्ट नव्हे.

आतां मुख्य विषय. कॉर्ड म्हणजे एकाच वेळीं छेडावयाचा तीन किंवा अधिक स्वरांचा समूह. नवशिक्याला वाटतें कीं कॉर्ड शिकणें म्हणजे बोटें कोठें ठेवावयाचीं तें पाठ करणें. तें एका संध्याकाळीं होतें. अडचण असते ती एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्यांत. गाणें तुटतें तें याच संक्रमणांत, आणि वेगळा काढून घोटावयाचा पलटा तोच. मुलगी गाणें पहिल्यापासून वाजवीत होती. वाजवावयास हवा होता तो तिसऱ्या ओळींतील एका कॉर्डपासून दुसरीपर्यंतचा तेवढा तुकडा.

यासाठीं आरंभ सोप्या संक्रमणापासून करावा. ई ही कॉर्ड घ्यावी: पांचव्या व चवथ्या तारेवर दुसऱ्या घरांत मधलें बोट आणि अनामिका, तिसऱ्या तारेवर पहिल्या घरांत तर्जनी. हाच बोटांचा आकार जसाच्या तसा उचलून एक एक तार खालीं, बारीक तारांकडे, ठेविला कीं ए मायनर होते. आकार बदलावयाचा नाहीं, फक्त सरकवावयाचा. तें साधलें म्हणजे ए मायनरवरून सी. येथें तर तर्जनी आणि मधलें बोट जागचें हलतहि नाहींत. अनामिका मात्र तिसऱ्या तारेवरून उठून पांचव्या तारेच्या तिसऱ्या घरांत जाते. अनेक नवशिके या वेळीं तिन्ही बोटें उचलून हवेंत नेतात आणि पुन्हां पहिल्यापासून जुळवितात; मग सी अवघड वाटते. कोणतें बोट हलवावयाचें नाहीं हें आधीं पाहणें, ही गिटारीच्या रियाजांतील अर्धी विद्या आहे. सी नंतर जी आणि डी येतात, आणि तेथें मात्र अशी सवलत नाहीं. त्यांना दिवस लागतात, लागूं द्यावेत.

कॉर्ड धरल्यावर ती एकदम झणकारूं नये. सहाहि तारा एकेक करून छेडाव्या. जी मुकी किंवा खरखरती निघेल तिच्यापाशीं कारण शोधावें: शेजारचें बोट तिला टेकलें असेल, नाहीं तर दाबणारें बोट पडद्यापासून दूर राहिलें असेल. सी आणि ए मायनर यांत सर्वांत जाड तार मुळींच छेडावयाची नसते. ती वाजली म्हणून गोंधळूं नये.

आणि लय? ती आपल्या संगीतानें विलंबित, मध्य, द्रुत अशी लाविली आहे, आणि त्या क्रमांत मोठा अर्थ आहे. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवावा, चार ठोके एक कॉर्ड आणि चार ठोके दुसरी. चवथ्या ठोक्यानंतर बोटें वेळेवर पोंचत नसतील तर साठाचे पन्नास करावे, पन्नासाचे चाळीस करावे. ठोक्यासाठीं थांबवून धरूं नये. ज्या गतीनें लागोपाठ पांच वेळां निर्दोष वाजतें, ती आजची खरी गति. नवशिक्याला हें अपमानास्पद वाटतें, कारण त्या गतीनें तें गाणें गाण्यासारखें ऐकूंच येत नाहीं. परंतु सावकाश वाजवितांना बोटाला जाण्याची वाट सांपडते. घाईनें वाजवितांना तें कसें तरी पोंचतें, आणि 'कसें तरी' हेंच मग सवयीचें होतें.

आतां वेळेविषयीं. सात दिवसांचे दोन तास एकाच दिवशीं भरून काढतां येतात, ही समजूत शाळकरी मुलांत परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिसते आणि मोठ्यांत गिटारीच्या बाबतींत. इंग्लंडांत टपाल खात्यांतील माणसांना टंकलेखन शिकवावयाचें होतें, तेव्हां ॲलन बॅडली आणि लाँगमन या अभ्यासकांनीं त्यांचे चार गट पाडले. एका गटाला दिवसाला एकच तास सराव दिला. दुसऱ्या टोकाच्या गटाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा कीं, एक तास बसणाऱ्यांना तितकेंच कौशल्य मिळविण्यास दिवस अधिक लागले, पण एकूण तास कमी लागले. गंमतीची गोष्ट पुढेंच आहे: आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होता तो हाच गट. दुसरे आपल्या पुढें जात आहेत, असें त्यांना रोज दिसे. शिकणाऱ्याला आपण कसें शिकतों आहों हें बरोबर उमजतेंच असें नाहीं, ही गोष्ट गिटारवाल्यानेंहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

तशीच दुसरी एक. एकच संक्रमण सलग पंधरा मिनिटें घोटलें तर शेवटीं तें सुरेख येतें, आणि दुसऱ्या दिवशीं पाहावें तों बोटें पुन्हां कोरीं! त्याऐवजीं ई-ए मायनर दोन मिनिटें, मग ए मायनर-सी, मग सरगम, मग पुन्हां ई-ए मायनर, असा आलटून पालटून रियाज केला तर त्या वेळीं जरा ओबडधोबड वाटतो, पण टिकतो. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनीं १९७९ सालीं हाताच्या निराळ्याच हालचालींवर हा प्रयोग केला होता. एकेक हालचाल सलग गिरविणारे शिकतांना पुढें होते. दहा दिवसांनीं परीक्षा घेतली तेव्हां मिसळून गिरविणारे पुढें निघाले.

म्हणून नवशिक्याला रोजचीं पंधरा-वीस मिनिटें पुरेत. दोन वेळां दहा-दहा मिनिटें बसतां आलें तर उत्तमच. त्यांतील दोन मिनिटें सुराला, दोन-तीन सरगमला, आठ-दहा मिनिटें दोन किंवा तीन संक्रमणांना आलटून पालटून, आणि उरलेला वेळ आवडत्या गाण्याला, वाटेल तसा. हा शेवटचा भाग कापूं नये. गाण्यासाठींच तर मुलीनें गिटार मागितली होती. नुसत्या पलट्यांवर तिला बसविलें तर गिटार दिवाळीपूर्वींच भिंतीवर जाईल.

एक शंभर पानी वही जवळ असावी. घड्याळ लावून एका मिनिटांत ई वरून ए मायनरवर किती वेळां स्वच्छ जातां आलें तो आंकडा तारखेसह लिहावा, त्यापुढें मेट्रोनोमची गति लिहावी, आणि अडलेली जागा दोन शब्दांत. दुसऱ्या दिवशींचा रियाज त्या अडलेल्या जागेपासून सुरू करावा, गाण्याच्या पहिल्या ओळीपासून नव्हे. आंकडा रोज वाढतोच असें नाहीं; चार दिवस तिथेंच घुटमळतो, एखाद्या दिवशीं घसरतोहि. पण तीन आठवड्यांपूर्वीचें पान उलटलें म्हणजे 'आपला हात या कामाचा नव्हे' या निकालाला पुरावा उरत नाहीं. स्मृतीवर विसंबलें तर तोच निकाल खरा वाटत राहतो, कारण आजची चूक ताजी असते आणि महिन्यापूर्वीची विसरलेली असते.

शिक्षक असावा कीं मोबाइलवरील चित्रफितींनीं भागवावें, हा प्रश्न हल्लीं घरोघर निघतो. चित्रफितींत चांगले शिक्षक आहेत, यांत शंका नाहीं. परंतु ते शिकणाऱ्याचें मनगट पाहूं शकत नाहींत. निदान पहिले दोन-तीन महिने आठवड्यांतून एकदां कोणा जाणत्याच्या नजरेखालीं बसावें. चित्रफीत पाहण्यांत गेलेला वेळ वहींत रियाज म्हणून मांडूं नये, हें मात्र वडील माणसांनीं थोडें कठोरपणें पाहिलें तर चालेल. पोहण्याच्या स्पर्धा पाहून कोणाला गोदावरींत उतरतां येत नाहीं.

इमारतींतून भिंतीला भिंत लागून घरें असतात. दुपारीं दोन ते चार आणि रात्रीं दहानंतर शेजाऱ्यांची झोप सांभाळावी. त्या वेळीं नखी न वापरतां आंगठ्याच्या मऊ भागानें हलकेंच छेडलें तरी डाव्या हाताचा रियाज पुरा होतो. संक्रमणें तर तारा न छेडतांहि घोटतां येतात.

गिटार डोळ्यांसमोर आणि हाताच्या टप्प्यांत, जमिनीवरच्या लहान स्टँडवर असावी. पिशवींतून काढून, चेन उघडून बसावयाचें म्हटलें कीं पंधरा मिनिटांच्या रियाजाला तेवढीहि सबब पुरते. एप्रिल-मेच्या उन्हांत तिला खिडकीशीं किंवा मोटारींत ठेवूं नये. लांकूड वाकतें आणि तारा दांडीपासून वर उचलल्या जातात. पावसाळ्यांत हवेंतील ओलीनें पोलादी तारा गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसाव्या. तारा काळवंडल्या, बोटांना खडबडीत लागूं लागल्या आणि सूर मंद झाला म्हणजे संच बदलावा. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस ताणल्या जातात आणि सूर वारंवार उतरतो. वाद्य बिघडलें असें समजूं नये. खुंटी थोडी पिळून पुन्हां सूर लावावा, आणि वहीचें नवें पान काढावें.